मदत हवी आहे: डॉक्टरांचं ६८ नंबर आणि ड्रगस्टोरमधलं, एकच का?

निशिकासाई_१: ड्रगस्टोरच्या रांगेत उभी आहे, लवकर सांगा. पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून क्लिनिकमधून शाकुयाकु-कानझो-तो हे जपानी वनौषधींचं औषध मिळालं होतं, ६८ नंबरची पुडी. पुड्या संपल्या. इथे त्याच नावाचं खोकं बिनचिठ्ठीचं मिळतंय. तेच का हे? रात्री दोनला कळवळून उठणं चाललंय घरात.

योकोहामाकर: तेच आहे, खुशाल घ्या. मी तर थंडीभर सर्दीचं कक्कोन्तो दुकानातलंच घेतो. अंगावर शिरशिरी आली रे आली की गरम पाण्यात घालून प्यायचं. क्लिनिकमध्ये दोन तास कोण बसणार?

शेवंती: थांबा. मी औषधांच्या दुकानातच काम करते. नाव एक असलं तरी मात्रा एक असेलच असं नाही. क्लिनिकच्या ६८ नंबरमध्ये दिवसाच्या तीन पुड्या मिळून ७.५ ग्रॅम, त्यात ६ ग्रॅम कानझोच्या मुळीपासून काढलेला अर्क. दुकानातल्या बऱ्याच खोक्यांत अर्क कमी असतो, काहींत निम्माच. ‘मानऱ्यो शोहो’ लिहिलं असेल तर पूर्ण मात्रा. खोक्याची मागची बाजू वाचा. आणि किती दिवस घेताय? वय? बीपी?

निशिकासाई_१: तीन आठवडे, रोज तीन पुड्या. वय ६७. खोक्यावर कानझो ३ ग्रॅम आहे. म्हणजे दुप्पट घ्यायचं ना?

शेवंती: अजिबात नाही!

ओसाकावाला: ६७? तुमच्या आधीच्या धाग्यात मुलगा बालवाडीत होता.

निशिकासाई_१: मला नाही, आईला हवंय. साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलीय. पुड्या माझ्या नावावरच्या, मला उरल्या होत्या. तिला इथला विमा नाही, डॉक्टरकडे पूर्ण पैसे पडतात. बीपीची गोळी तिकडचीच चालू आहे.

वैद्यांची_नात: कानझो म्हणजे आपलं ज्येष्ठमधच की! घसा बसला की आजी कांडी चघळायला द्यायची. त्याने काय होणार आहे?

शेवंती: कधीतरी कांडी चघळणं वेगळं आणि रोज ६ ग्रॅमचा अर्क तीन आठवडे पोटात जाणं वेगळं. त्याने अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम लघवीतून निघून जातं, बीपी चढतं, पाय सुजतात. पोटॅशियम उतरलं की गोळे आणखी येतात, आणि माणूस आणखी एक पुडी फोडतो. ताई, बीपीच्या गोळीचं नाव सांगा आधी.

ओसाकावाला: व्हिसा ९० दिवसांचाच ना? प्रवासी विमा काढलाय का? माझ्या सासूबाईंच्या वेळी…

योकोहामाकर: उगाच घाबरवताय. इतकं घातक असतं तर बिनचिठ्ठीचं विकलंच नसतं.

शेवंती: दुकानासाठी या वनौषधींचे २९४ नुस्खे मान्य आहेत, विम्याच्या यादीत १४८. दोन्हीकडे कानझोवाले भरपूर आहेत. चिठ्ठी लागत नाही म्हणजे विचारायचं नाही असं थोडंच आहे? क्लिनिकमध्ये निदान इतर औषधं विचारतात, रक्त तपासतात.

निशिकासाई_१: घरी आले. गोळीच्या पट्टीवर हायड्रोक्लोरोथायझाइड आहे. आईच्या नडगीवर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. मला वाटलं होतं विमानप्रवासाने सुजलेत.

शेवंती: ती लघवीची गोळी. तीही पोटॅशियम घालवते, म्हणजे दोन्हीकडून गळती. ज्येष्ठमधाची पुडी आजच बंद. बीपीची गोळी मनाने बंद करू नका. उद्या सकाळी पोटॅशियम तपासा. हातापायातली शक्ती गेली किंवा धडधड झाली तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना. तोक्योत सल्ल्याला #७११९ हा फोन नंबर आहे.

निशिकासाई_१: (दुसऱ्या दिवशी) पोटॅशियम २.९, कमी आलं. औषध सुरू केलं, परवा पुन्हा रक्त. डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं टेबलावर मांडायला लावली. पैसे गेले त्याचं काही नाही. आईला मीच माझ्या हाताने पुडी फोडून देत होते, ते मनातून जात नाही.

योकोहामाकर: काळजी घ्या ताई. शेवंतीताई, कक्कोन्तोतही कानझो असतं का?

शेवंती: २ ग्रॅम. आणि माओ ही वनस्पती असते, तिने धडधड वाढते. बीपी आहे का तुम्हाला?

योकोहामाकर: आहे.