मदत हवी आहे : हवेतील प्रदूषणाचा डेंग्यूच्या डासांवर काय परिणाम होतो?

नमस्कार. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने घरोघरी पिंपे भरून ठेवलेली असतात, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास अशाच साठवलेल्या पाण्याच्या भांड्यांत अंडी घालतो. आमच्या अक्कलकोट रस्त्याकडच्या वस्तीत त्या पाण्यावर धूळ आणि काजळीचा पातळ थर जमतो; तो बोटाने सारला की खाली वळवळणाऱ्या अळ्या दिसतात. अळ्या श्वासासाठी पृष्ठभागावर येतात, तेव्हा हा थर त्यांना मारक ठरतो, की त्यावर वाढणारे सूक्ष्मजीव त्यांचे खाद्यच होतात? शिवाय मादी उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास यांवरून माणसाचा माग काढते. वाहनांच्या धुराने ही क्षमता मंदावते का? धुरामुळे डास कमी होतात हा वस्तीतील समज मला तरी धोकादायक वाटतो, कारण त्यापायी पिंपे उघडी राहतात. कीटकशास्त्राच्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.