५०+५० वॅटचा अँपचा बोर्ड १२ व्होल्टवर, आवाजाला जोरच नाही. व्होल्ट वाढवू की ४ ओहमचे स्पीकर घेऊ?

रेडिओवेडा:
नमस्कार मंडळी, टीपीए ३११६ या अँप्लिफायर आयसीचा छोटा बोर्ड ऑनलाइन मागवलाय, वर ठळक छापलंय ५०+५० वॅट. जुन्या म्युझिक सिस्टिमचे दोन स्पीकर माळ्यावर पडून होते, मागे ८ ओहम ३० वॅट लिहिलंय, तेच जोडले आणि सप्लायला सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर. वाजतं छान पण ते ५० वॅट गेले कुठे?? आवाज निम्म्याच्या वर नेला की ढोलकीच्या थापेला फाटल्यासारखं होतं. दुकानदार म्हणतो २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लाव, मित्र म्हणतो ४ ओहमचे स्पीकर घे. २४ लावले तर ३० वॅटचे स्पीकर उडतील का? वॅट नक्की व्होल्टवर ठरतात की ओहमवर? आणि एक, मल्टिमीटरवर स्पीकर ६.३ ओहमच दाखवतोय, म्हणजे कॉइल गेली का?

सोल्डरगन:
कॉइल ठणठणीत आहे भाऊ. मल्टिमीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो, आणि ८ ओहमच्या स्पीकरचा तो ६ च्या आसपासच येतो. इंपीडन्स हा गाण्याच्या एसी सिग्नलला होणारा विरोध, तो फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली होतो, कोनच्या रेझोनन्सला (ज्या फ्रिक्वेन्सीला तो आपसूक थरथरतो) तर ३० ओहमच्या वरही जाऊ शकतो. मागे छापलेला ८ ढोबळ समज.

आता वॅट. दोन्हीवर ठरतात, पण सारखे नाही. आरएमएस व्होल्टचा (एसीचे परिणामी व्होल्ट, पीकच्या म्हणजे लाटेच्या टोकाच्या साधारण ०.७ पट) वर्ग करायचा आणि ओहमने भागायचं, बास. तुझा आयसी ब्रिज पद्धतीचा आहे म्हणजे स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलटसुलट ढकलतो, त्यामुळे १२ सप्लायवर स्पीकरला जास्तीत जास्त १२ पीक मिळतात, आरएमएस साडेआठ. वर्ग ७२, भागिले ८, झाले ९ वॅट. हे तुझे ५० :)
४ ओहम लावलेस तर १८. २४ व्होल्ट दिलेस तर आरएमएस १७, वर्ग साधारण २८८, ८ ओहमवर ३६. म्हणजे ओहम निम्मे केले तर वॅट दुप्पट पण व्होल्ट दुप्पट केले तर चौपट. हे सगळं कागदावरचं हां, आयसीच्या आत थोडं खर्च होतंच. बोर्डावर छापलेले ५० आयसीच्या डेटाशीटमध्ये (कंपनीचा माहितीकागद) आहेत खरे, पण २१ व्होल्ट, ४ ओहम आणि १० टक्के डिस्टॉर्शनवर, म्हणजे आवाज फाटत असताना, विकणारे ही अट खाऊन टाकतात.

ढोलकी फाटते ती बहुतेक याच्यामुळेच, थापेला क्षणभर जास्त व्होल्ट हवे असतात आणि १२ च्या वर जायला जागाच नाही, लाटेचं डोकं कापलं जातं. नुसते ४ ओहम लावून हे सुटणार नाही, उलट करंट दुप्पट. १८+१८ म्हणजे ३६ वॅट, आयसीची एफिशियन्सी ९० टक्के धरली तर १२ व्होल्टवर सव्वातीन अँपिअरच्या वर लागतील, तुझा अडॅप्टर २ चा.

४४४०_फॅन:
आमच्या ४४४० ला (जुना अँपचा आयसी) नावं ठेवायची नाहीत, पण हिशोब तोच. डेटाशीटला १३.२ व्होल्ट ४ ओहमवर स्टिरिओत ६+६ वॅट, तोच आयसी ब्रिज केला की १९. आणि १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर लावून ±१२ मिळतात समजणाऱ्यांनी मीटर लावून बघा, रेक्टिफायर आणि कपॅसिटरनंतर ±१६ च्या आसपास असतात. टीडीए २०३० या अँप आयसीची सप्लायची कमाल मर्यादा ±१८, त्यात आमच्याकडे रात्री लाइट २५० ला जाते, मग आयसी फुटला की दुकानदाराला शिव्या.

मंडपवाला:
३० वॅटच्या स्पीकरवर ३६ वॅटचा अँप बिनधास्त चालतो, गाण्याची सरासरी पॉवर पीकपेक्षा बरीच कमी असते. ट्वीटर जास्त करून जळतात ते लहान अँप फुल करून फाटका आवाज तासन् तास वाजवल्यामुळे. आणि फार अपेक्षा पण ठेवू नका, ९ चे ३६ वॅट म्हणजे फक्त ६ डेसिबल, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच वॅटला किती आवाज देतो ते) स्पीकरऐवजी ८९ चा घेतला तर अँपला हात न लावता वॅट दुप्पट केल्यासारखंच आहे, पण हे कोणी विचारत नाही, सगळे वॅटच विचारतात.

भोंगेवाल्यांसाठी पण तेच गणित. १०० वॅटच्या अँपच्या १०० व्होल्ट लाइनला एकूण लोड १०० ओहमच्या खाली न्यायचा नाही, म्हणजे १० वॅटच्या टॅपवरचे (भोंग्याच्या मॅचिंग ट्रान्सफॉर्मरवरची वॅटची जोडणी) दहा भोंगे. मॅचिंग ट्रान्सफॉर्मर न लावता १६ ओहमचं युनिट सरळ त्या लाइनला जोडलं तर १०० चा वर्ग भागिले १६, म्हणजे ६२५ वॅटची मागणी. अँप तेवढे देणार नाही ते सोडा, युनिट त्याच्या आधीच जातं. सप्ताहात कुणीतरी हौशी दरवर्षी हे करतोच.

रेडिओवेडा:
वा, डोक्यात शिरलं. मग २४ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस घेऊ ना? आणि पुढे अजून दोन ८ ओहमचे मिळाले तर एकेका चॅनलला दोन-दोन जोडता येतील का?

सोल्डरगन:
घेण्याआधी बोर्डावरचे मोठे कपॅसिटर वाच. स्वस्त बोर्डावर बऱ्याचदा २५ व्होल्टचे असतात, त्यावर २४ म्हणजे काठावर. ३५ चे असतील तर चालेल, पण एसएमपीएसचा ॲडजस्टचा स्क्रू आधी मीटर लावून तपास, आयसीची सप्लाय मर्यादा २६ आहे.
दोन ८ ओहम पॅरलल म्हणजे ४ ओहम, २४ व्होल्टवर त्याची मागणी ७२ वॅट प्रति चॅनल होते, छोट्या हीटसिंकवर नको. सिरीजमध्ये जोडलेस तर १६ ओहम, सुरक्षित पण वॅट निम्मे. आणि दोन चॅनलच्या मायनस तारा एकत्र करू नकोस, ग्राउंडला तर नाहीच नाही, ब्रिजमध्ये मायनसवर पण सिग्नल असतो.

रेडिओवेडा:
पाहिलं, २५ व्होल्टच लिहिलंय :( घरात बंद पडलेल्या लॅपटॉपचा चार्जर आहे, १९ व्होल्ट ३.४२ अँपिअर.

सोल्डरगन:
अरे मग खर्च कशाला करतोस! १९ पीकचे आरएमएस १३.४, वर्ग १८०, भागिले ८, साडेबावीस वॅट प्रति चॅनल. दोन्ही फुल वाजले तरी अडीच-पावणेतीन अँपिअर, चार्जरला झेपतं. प्लस-मायनस मीटरने बघून घे आणि जोड.