बीसीजीनंतरची गाठ आणि घरातील इतिहास

बीसीजी या क्षयाच्या लसीनंतर बाळाच्या काखेत येणारी गाठ बहुधा आपोआप जिरते, असे म्हणतात आणि ते बरोबर आहे. मात्र ज्या बाळाला जन्मजात तीव्र प्रतिकारशक्तिदोष, म्हणजे ‘स्किड’, असतो, त्याच्या शरीराला लसीतील दुर्बळ केलेले जिवंत जंतूही आवरत नाहीत आणि ते यकृत, फुप्फुसे, हाडे यांपर्यंत पसरू शकतात. आपल्याकडे जिवंत जंतूंच्या लसींपैकी बीसीजी व पोलिओचे थेंब जन्मतःच, तर रोटाव्हायरसची (जुलाबांवरची) लस 6 आठवड्यांनी देतात, त्यामुळे दोष उघड होण्याआधीच लस दिलेली असते. हा दोष आनुवंशिक असतो, म्हणूनच मला घरातील इतिहास सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या कोल्हापूर भागात मामाच्या मुलीशी लग्ने अजूनही होतात, आणि अशा जवळच्या नात्यात असे दोष मुलांत उतरण्याची शक्यता वाढते. अशा घरात आधीचे मूल तान्हेपणीच वारंवारच्या जंतुसंसर्गाने दगावले असेल, किंवा कोणत्याही घरात बाळाच्या आईचे भाऊ तसे गेले असतील, तर प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे आणि तपासणी होईपर्यंत, त्यांच्याच सल्ल्याने, जिवंत लसी थांबवाव्यात. (निरोगी बाळांना बीसीजी हवीच, क्षयाचा धोका येथे खरा आहे.) बाळाच्या साध्या रक्ततपासणीतही लिम्फोसाइटची (संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) संख्या दर घन मिलिमीटरला 3000 पेक्षा कमी आली, तर ती दुर्लक्षू नये; पुढील तपासण्या मुंबईत परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होतात.