मदत हवी आहे: जुन्या बुलेटचं मागचं टायर मडगार्डला किती जवळ चालेल?

कास्ट आयर्न (जुन्या बिडाच्या इंजिनाची) बुलेट 350, मागे 3.25-19 टायर. मागचे शॉकअप एक इंच आखूड करायचे आहेत. शॉकअप तिरका असल्यामुळे चाक मात्र इंचापेक्षा थोडं जास्तच वर येतं.

मोजलं ते असं: दोन्ही शॉकअपच्या स्प्रिंग काढून नुसते दांडे परत बसवले, डबल स्टँडवर चाकाखाली जॅक लावला आणि बंप रबर (शॉकअप पूर्ण दबल्यावर अडवणारं रबर) दबेपर्यंत चाक उचललं. मडगार्डच्या आत शाडूचे गोळे चिकटवले होते. पत्र्यापाशी गोळा 17 मिमी जाड उरला, पण स्टेच्या (मडगार्ड धरणाऱ्या पट्टीच्या) बोल्टाच्या टोकापाशी फक्त 6! टेललाइटची वायरही तिथूनच जाते. (स्टँडवर नुसतं बघून हे कळत नाही, तिथे चाक लोंबकळत असतं.)

बोल्ट उलटे फिरवून गोल डोकं आत ठेवलं तर 5-6 मिमी सुटतील. डबलसीट, इंदूरचे स्पीडब्रेकर आणि वेगात फुगणारं टायर धरून एवढं पुरेल का? की दांड्यावर 8 मिमीचा वॉशर घालून शॉकअपची चालच कमी करावी? त्याने बसका दणका वाढेल, म्हणून मन होत नाही.

सियागंजच्या बाजूला असे वॉशर नीट मापात काढून देणारा लेथवाला कोणी सुचवेल का?