अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर परत जायचंय, आईसोबत, या वेळी निवांत... मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. २०१७ च्या डिसेंबरात आम्ही घरचे पाच जण एका टूरसोबत अंदमानला गेलो होतो, सहा रात्री सात दिवसवालं पॅकेज, आणि खरं सांगू का, घरी आल्यावर दोन दिवस अंगदुखीच्या गोळ्या खाल्ल्या. सेल्युलर जेल, लाइट अँड साउंड, रॉस, नॉर्थ बे, बाराटांग सगळं 'कव्हर' झालं, बाराटांगला तर मध्यरात्रीच उठवलं. हॅवलॉकला एकच रात्र. राधानगर बीचवर सूर्यास्ताला नेलं, आई साडी खोचून घोटाभर पाण्यात उभी, पायाखालची वाळू सरकते म्हणून माझं मनगट घट्ट धरलेलं, सूर्य अजून हातभर वर होता आणि मागून टूर मॅनेजरची शिट्टी, चला चला गाडी निघते. आई काही बोलली नाही. पण तेव्हापासून इथं फुटाळा तलावावर नेलं की एकदा तरी म्हणतेच, तिथं सूर्य पुरता बुडलेला पाहायचा राहूनच गेला रे.

तर आता फेब्रुवारी-मार्चमध्ये फक्त आम्ही दोघं जाऊन राहिलो. आई ७१ ची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालते पण सावकाश. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजय पुरम झालंय, माझ्या जिभेला वळण नाही) जाता-येता एकेक रात्र, बाकी सहा रात्री बेटावर, स्कूबा नाही, स्नॉर्कलिंग नाही, एलिफंट बीच नाही. सकाळी चहा, समुद्र, जेवण, झोप, परत समुद्र.

मुख्य अडचण ही की पाच नंबर बीचवर, म्हणजे विजयनगरला, एक रिसॉर्ट पसंत केलंय, फोटोत पाणी अगदी झोपाळ्यापर्यंत आलेलं. ऑफिसातला एक जण तिकडेच राहून आला, तो म्हणतो अबे पाणी होतंच कुठे, दुपारभर नुसते दगड अन् चिखल, पाणी पार तिकडे लांब! दोघांपैकी खोटं कोण? आम्हा नागपूरकरांना समुद्राबद्दल एवढंच माहीत की तो खारट असतो.

अजून दोन गोष्टी, सहाही रात्री हॅवलॉकलाच काढाव्या की चार तिथं आणि दोन जवळच्या नील बेटावर? आणि बोटीत चढता-उतरता गुडघ्याचं कसं जमेल? फ्लाइट कोलकात्यावरून घेऊन राहिलो, त्याबद्दल सल्ला नको, चेन्नईवाले भांडायला येतात.

खाडीकाठ: खोटं कुणीच नाही हो. तुमचे मित्र ओहोटीला गेले, फोटोवाला भरतीला. हॅवलॉकच्या पूर्वेकडचे तीन नंबर, पाच नंबर हे बीच उथळ आहेत, खाली प्रवाळाचे खडक, पाणी ओसरलं की ते सगळं उघडं पडतं. त्यातून अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, भरती मोठी तशी ओहोटीपण मोठी, पाणी फार लांब जातं. अष्टमीच्या आसपास आमच्याकडे भांग म्हणतात, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार हटतही नाही. तुम्हाला तेच पाहिजे. तिथीवरून भरतीची वेळ काढायचं आमचं कोकणातलं पाऊणपटीचं गणित मात्र तिकडे लावू नका, वेळा वेगळ्या आहेत, पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक नेटवर मिळतं ते बघा.

भटक्या४४००१०: वरच्यांशी सहमत. राधानगरला ही भानगड नाही, पश्चिमेकडे तोंड आहे, पुळण मोठी, ओहोटीतही पाण्यात उभं राहता येतं. पण सूर्य तिकडे आपल्यापेक्षा पाऊण तास आधी बुडतो भाऊ! घड्याळ आपलंच, बेट मात्र पार पूर्वेला. साडेपाच-पावणेसहाला खेळ खलास, त्यामुळे चार वाजता पोचा. पाच नंबरवरून रिक्षा करा आणि परतीचं आधीच ठरवून थांबवून ठेवा, अंधारात रिक्षा शोधत बसू नका. सूर्योदयासाठी काळापत्थर, तो पूर्वेला आहे. बोटीचं म्हणाल तर प्रायव्हेट कॅटमरान दीड-दोन तासांत नेतात पण आत एसीत खिडकीशी बसून, आणि फळीवरून चढताना धरायला माणसं असतात. रांगेत घाई करू नका, शेवटी चढा. सीट नंबर असतो, कुणी पळवत नाही.

वर्ध्याची लेक: चार अधिक दोन करू नका बरं. नील छान आहे, शांत आहे, भरतपूर बीच तर जेट्टीला लागूनच, पण परत बॅगा, परत जेट्टी, परत बोट. तुमचं तर दुखणंच ते होतं ना? आईंना विचारलंत का कुठं राहायचंय ते?

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. विचारलं नव्हतं, आता विचारलं. म्हणाली, एकाच खोलीत राहू, कपडे एकदाच काढायचे. म्हणजे नील कॅन्सल, सहाही रात्री हॅवलॉक. अष्टमीचं वाचून दाखवलं तर लगेच कालनिर्णय खाली काढलं, चष्मा लावून बसली. महाशिवरात्र अमावस्येच्या आदल्या दिवशी, होळी पौर्णिमेची, म्हणजे मधली फाल्गुन शुद्ध षष्ठी ते एकादशी धर म्हणे, पेनाने गोलपण केला. मी इतके दिवस रिव्ह्यू वाचून राहिलो होतो. फक्त आता नवीन प्रश्न निघालाय, त्यात एकादशी येते, आईचा उपास. बेटावर बहुतेक बंगाली वस्ती, साबुदाणा मिळेल का की इथूनच भिजवायचा डबा न् दाण्याचा कूट घेऊन निघू? कुणी नेलंय का?