जुन्या गाडीतील विजेचा बिघाड तुम्ही कसा शोधलात?

वाटसरू
शेजाऱ्यांनी काल ब्रेक दाबला तेव्हा त्यांच्या जुन्या गाडीचा मागचा इंडिकेटर मंद उजळला, आणि आमच्या पहिल्या गाडीतील नेमका हाच दोष आठवला. त्या वेळी कारागिराने बल्ब, फ्लॅशर आणि ब्रेकचा स्विच एकामागून एक बदलले होते. दोष मात्र मागच्या दिव्याच्या अर्थच्या (दिव्याची ऋण तार पत्र्याला जोडणाऱ्या) स्क्रूखालील गंजात होता. गाडीचा पत्रा हाच विजेचा परतीचा मार्ग असतो. तो अडला की वीज शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढते आणि भलताच दिवा लागतो. आपले अनुभव जरूर लिहावेत, विशेषतः कोणत्या मोजणीने दोष सापडला ते.

सांजवारा
आमच्या गाडीचा एक हेडलाइट पिवळट आणि मंद जळत असे. मल्टिमीटरने तार अखंड आहे का ते तपासले, तर तो बिनचूक वाजला, कारण बारीक तारांच्या जुडग्यातील एकच तार शाबूत असली तरी मीटरच्या अत्यल्प प्रवाहाला ती पुरते. ५५ वॉटच्या बल्बला लागणारा सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह मात्र तिच्यातून नीट जात नाही. म्हणून दिवा चालू ठेवूनच व्होल्टेज मोजले. बॅटरीच्या धन टोकापासून बल्बच्या धन टोकापर्यंत नगण्य घट होती, आणि बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत दोन व्होल्टहून अधिक. म्हणजे दोष अर्थच्या बाजूला होता, आणि अर्धे वायरिंग उघडण्याची गरजच उरली नाही. भार नसताना घेतलेल्या मोजणीवर मी आता विश्वास ठेवत नाही.

जुना पाना
सांजवारा, अगदी सहमत. सेल्फ नुसता टकटक करत असेल तर हीच मोजणी सेल्फ मारताना इंजिनाचा ठोकळा आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये करावी. आमच्याकडे एका व्होल्टहून जास्त घट दिसली. इंजिन आणि बॉडी जोडणारी पट्टी बाहेरून चांगली दिसत होती, पण आतून कुजली होती.

निळी डिकी
आमची बॅटरी गाडी चार दिवस उभी राहिली की उतरत असे. नवी बॅटरी घेण्याचा सल्ला सर्वांनी दिला. त्याऐवजी सर्व बंद करून ऋण टोकाच्या वायरमध्ये मीटर जोडला. घड्याळ आणि रेडिओची स्मृती धरून सुमारे ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह चालतो. इथे तो ४०० होता. ५ वॉटचा बल्ब साधारण तेवढाच प्रवाह घेतो, म्हणून प्रथम लहान दिव्यांकडे वळले. डिकीच्या दिव्याचा स्विच अडकला होता आणि झाकण लावल्यावरही दिवा जळत राहत होता. दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-तास जात असतील, तर ४० अँपिअर-तासांची बॅटरी किती टिकणार? मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नये; मीटरचा फ्यूज जातो.

पाऊलखुणा
आमच्या गाडीत सेंट्रल लॉकिंगचा फ्यूज बसवताक्षणी उडतो. फ्यूज तरी किती वाया घालवायचे? कोणी अधिक अँपिअरचा बसवायला सांगत आहेत.

जुना पाना
तो कृपया बसवू नका. फ्यूज तारेच्या क्षमतेनुसार ठरवलेला असतो. मोठा बसवल्यास फ्यूजऐवजी तार जळते, आणि ती गालिच्याखाली जळत असल्याचे लवकर कळतही नाही. फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडा आणि लॉकला हात लावू नका. शॉर्ट असेल तोवर बल्ब पूर्ण तेजाने जळेल, पण प्रवाह दोन अँपिअरच्या पुढे जाणार नाही. मग वायरिंग जागोजागी हलवत जा. सुरुवात चालकाच्या दारापासून करा. बिजागरीजवळच्या रबरी नळीत तारा सतत वाकून तुटतात.

पाऊलखुणा
मनःपूर्वक आभार. दार अर्धे उघडले की बल्ब विझतो. नळी मागे सारल्यावर एका तारेचे आवरण फाटलेले दिसले. डाग देऊन (सोल्डर करून) वर टेप लावली तर चालेल का?

सांजवारा
बिजागरीपाशी डाग देऊ नये. डाग दिलेला भाग ताठ होतो आणि तार त्याच्या कडेलाच पुन्हा तुटते. नळीच्या दोन्ही बाजूंना पोहोचेल एवढा लवचिक तारेचा नवा तुकडा घालून जोड दाराच्या आत आणि दार ज्याला लागते त्या खांबाच्या आत घ्यावेत. शेजारच्या तारांचे आवरणही त्याच वेळी दार उघडझाप करून पाहून घ्यावे.