मदत हवी आहे: साइटचा शोध यासी नेटवर्कला जोडताना अडलोय

माझ्या साइटवरचा शोध कुठल्याही एका कंपनीच्या हाती नसावा, असं मनापासून वाटतं. म्हणून सर्व्हरवर यासी (YaCy, अनेकांच्या संगणकांवर मिळून चालणारं शोधयंत्र) बसवलं, साइट क्रॉल केली (त्याला पानं वाचून नोंदवायला लावली) आणि शोधपेटी त्याच्या जेसनच्या (JSON, प्रोग्रामला वाचता येईल अशा रूपातल्या उत्तरांच्या) पत्त्याला जोडली. ‘लोकल’ शोध झटकन येतो, कारण तो फक्त माझ्याच इंडेक्समध्ये (नोंदवलेल्या पानांच्या सूचीत) पाहतो. ‘ग्लोबल’ केलं की इतर पीअरची (यासी चालवणाऱ्या इतर संगणकांची) उत्तरं हळूहळू येत राहतात, पान मात्र पहिल्याच खेपेवर थांबतं. पुन्हापुन्हा विचारायचं, की मध्ये स्वतःची स्क्रिप्ट ठेवायची?

दुसरं, माझा पीअर ‘ज्युनिअर’च दिसतो, म्हणजे बाहेरून कुणी पोहोचत नाही. ८०९० पोर्ट फायरवॉलमध्ये उघडलाय, रिव्हर्स प्रॉक्सीही (बाहेरच्या विनंत्या आत पोहोचवणारा मधला सर्व्हर) आहे. घोळ प्रॉक्सीचाच असेल का? कुणी ही जोडणी केली असेल तर कृपया सांगा.